अर्ध्या मताच्या चार जोड्या

अध्यक्ष राहण्यात फॉस्टिनला मिळायचं होतं ते एवढंच: एक मासा, एक खुर्ची आणि एक शिट्टी.

मासा म्हणजे मानाचा मासा. होडीने समुद्रात अर्धगोल जाळं टाकायचं आणि किनाऱ्यावर दोन रांगा करून त्याचे दोन दोर ओढायचे, ही रापण. ती वाळूला लागली, मासळीचा ढीग पडला, की वाटे घालण्याआधी संघाच्या अध्यक्षाने ढिगात हात घालून डोळ्यात भरेल तो एक मासा उचलायचा, ही वाडीची जुनी रीत. फॉस्टिनच्या डोळ्यात बांगडा कधीच भरला नाही. सुरमई असली तर सुरमई, नसली तर सरंगा, आणि दोन्ही नसले तर "आजचो रवलो" असं म्हणून तो दुसऱ्या दिवशी दोन उचलायचा.

खुर्ची निळी, प्लॅस्टिकची, माडाच्या सावलीत. शिट्टी गळ्यात. एक शिट्टी म्हणजे ओढा, दोन म्हणजे थांबा. चौदा वर्षं शिट्टी वाजवून फॉस्टिनच्या तळहातांचे घट्टे पार गेले होते. "आमच्या ह्यांचे हात पाद्र्यापेक्षा मऊ," असं त्याची बायको मारियान चारचौघांत सांगायची, आणि फॉस्टिनला ती स्तुती वाटायची.

शिरोड्याच्या अलीकडच्या त्या वाडीत रापण संघाचे पूर्ण वाट्याचे सभासद वीस. यंदा चौदा वर्षांत पहिल्यांदाच भिकाजी अध्यक्षपदाला उभा राहिला. भिकाजीकडे टेम्पो होता, आवाज होता आणि दहा मतं होती. फॉस्टिनकडेही दहाच होती. पण मतं सारखी पडली तर जुना अध्यक्षच पुढे चालू, असा नियम होता. तो फॉस्टिननेच आठ वर्षांपूर्वी कुणाचं लक्ष नसताना करून घेतला होता. त्यामुळे दहाला दहा या हिशेबावर तो निवांत झोपत होता.

झोप मोडली ती त्याच्या पोटच्या पोरीने.

संघाची सभा मांगरात, म्हणजे जाळी ठेवायच्या शेडमध्ये भरली होती. सँड्रीना मागून उठली. वय वीस. भाऊ बोटीवर कामाला गेला तेव्हापासून घरातला दोर तीच ओढत होती.

"माका इचारूचा आसा," ती म्हणाली. "गेल्या इलेक्शनाक मी आमदार निवडलंय. बोटाक शाई लावन इलंय. सरकार म्हणता, अठरा वर्सां झाली, तुका अक्कल इली. मगे हय अध्यक्ष निवडूक माका मत कित्याक नाय?"

"कारण तुका वाटो अर्धो," फॉस्टिन म्हणाला.

हीसुद्धा रीत. लग्न होईपर्यंत माणूस पोर, आणि पोराला अर्धा वाटा. असे अर्ध्या वाट्याचे आठ जण होते. सात जण विशी-बाविशीचे, आणि आठवा लिओन. लिओनचं वय अडतीस. त्याला मुलगी मिळाली नव्हती, म्हणून तो अजून पोरांत होता आणि अर्ध्या वाट्यावर टक्कल घेऊन उभा होता.

"दोर अर्धो ओढतंय काय मी?" सँड्रीनाने विचारलं.

"बाये, दोर ओढूक ताकद लागता. मत देवक अनुभव लागता."

"आमदार निवडूक अनुभव लागना नाय?"

"आमदार काय रोज माशे वाटता?"

सगळे हसले. पण भिकाजी हसला नाही. तो हिशेब करत होता. त्याच्या टेम्पोतून ही पोरं क्रिकेटच्या सामन्यांना जात, त्याच्याच मोबाईलच्या नेटवर सामने बघत. आठ अधिक दहा अठरा. भिकाजी उठला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "तरुणांवर अन्याय होता. आज देश तरुणांचो आसा. मी म्हणतंय, मत देवया."

आयुष्यात भिकाजीने तरुणांसाठी काढलेला हा पहिला शब्द. मांगरात टाळ्या पडल्या. म्हातारेसुद्धा माना डोलवायला लागले, कारण प्रत्येकाच्या घरात एकेक अर्धा वाटा होता आणि जेवताना त्याच्या समोरच बसायचं होतं.

फॉस्टिनने वारा ओळखला. चौदा वर्षं माणूस उगाच खुर्चीत बसत नाही.

"बरा," तो म्हणाला. "न्याय म्हणजे न्याय. अर्धो वाटो, तर अर्धा मत. दोघांनी मिळान एक चिठी टाकूची. दोघांचा जमला तर मत, नाय जमला तर चिठी कोरी. आणि जोडये मी लावतलंय, कारण अजून अध्यक्ष मी आसंय."

आधी हशा पिकला. मग कुणीतरी म्हणालं, "हिशेबान बरोबर आसा." झालं. बरोबर असलेल्या हिशेबापुढे ती वाडी कधीच बोलली नाही.

घरी येऊन फॉस्टिनने मारियानला जोड्या सांगितल्या, एखादा पत्ते उघडे करून दाखवतो तशा.

"रमीझ आणि सर्वेश. दोन वर्सां ते एकमेकांचा तोंड बघनत नाय. रमीझान त्याका रनआऊट केल्यान तेव्हापासून. मत कोरा. तन्वी आणि ओमकार, सख्खी भावंडा, रिमोटावरना मारामारी करतत. ता पण कोरा. डेन्झिल आणि शिवा भिकूचे, एक मत त्याका गेला. आणि आमचा चेडू सँड्रीना नि लिओन. चेडू माझा, लिओन माका भिता. एक माका इला. अकरा आणि अकरा. सारखी! मी चालू."

मारियान तव्यावर त्या दिवशीचा मानाचा सरंगा परतत होती. "नि चेडवाक इचारलंस?"

"इचारूचा काय? रक्त माझा."

"रक्त तुझा, पण जीभ माझी आसा तिका," मारियान म्हणाली आणि मासा उलटला.

मतदानाला आठ दिवस होते. पहिल्या दिवशी फॉस्टिनने खुर्चीतून पाहिलं, रमीझ आणि सर्वेश पालथ्या होडीवर बसले होते, मध्ये माणूसभर अंतर ठेवून. फॉस्टिनला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी ते हातवारे करून भांडत होते. फॉस्टिनला आणखी बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी सर्वेशने वाळूत काठीने खेळपट्टी आखली, दोघे धावा काढायला कुठून कुठे पळाले ते एकमेकांना पळून दाखवायला लागले आणि तन्वीला पंच केलं. तन्वीने निकाल दिला, "दोघव गाढव." आणि चौथ्या दिवशी दोघेही त्याच होडीवर खांद्याला खांदा लावून हसत होते.

"हसतत कित्याक ते?" फॉस्टिनने मारियानला विचारलं.

"तूच जोडी लावलंस. एक मत करूक बोलाचा लागता. बोलूक लागले की हसूचा येता."

हे फॉस्टिनच्या हिशेबात नव्हतं. जोड्यांनी भांडावं म्हणून त्याने त्या लावल्या होत्या. पण भांडायलासुद्धा रोज एकत्र बसावं लागतं, हे तो विसरला होता.

पाचव्या दिवशी भिकाजीने आठही जणांना टेम्पोत घालून शिरोड्याला नेलं आणि आईस्क्रीम चारलं. फॉस्टिनला ती बातमी पोरं परत यायच्या आधी कळली. सहाव्या दिवशी त्याने मानाची सुरमई उचलली, चांगली हातभर, आणि सगळ्यांना घरी जेवायला बोलावलं. चौदा वर्षांत मानाचा मासा पहिल्यांदाच दुसऱ्याच्या ताटात गेला. लिओनने एकट्याने चार तुकड्या खाल्ल्या.

"कसो आसा मासो?" फॉस्टिनने विचारलं.

"बरो आसा, अंकल," रमीझ म्हणाला. "इतको बरो आसता ह्या आमका ठावकच नव्हता."

सर्वेश खाली बघून हसला. फॉस्टिनला ते हसणं आवडलं नाही.

मतदानाच्या आदल्या दिवशी, सकाळची रापण आटोपल्यावर आठही जण खुर्चीसमोर येऊन उभे राहिले. सँड्रीनाच्या हातात वहीचा कागद होता.

"आमचा जमला," ती म्हणाली. "चारव जोडयांचा एकच ठरला. दोन गोष्टी. एक, जो दोर ओढता तेका पूर्ण वाटो आणि पूर्ण मत. लगीन होवंदे नायतर न होवंदे."

"ह्या बरा," लिओन मागून म्हणाला.

"आणि दोन, मानाचो मासो. रोज दोर ओढणाऱ्या सगळ्यांच्या नावांच्या चिठये घालायचे. जेची चिठी येतली तेचो मासो. जो मान्य करून सही करतलो, तो अध्यक्ष."

फॉस्टिन खुर्चीत सरळ झाला. "भिकूक इचारलात?"

"आधी थयच गेललंव," ओमकार म्हणाला. "वाटो देतंय म्हणाले, मत देतंय म्हणाले. माशाचा काढल्यार म्हणाले, इचार करून सांगतंय."

"अजून इचार करतहत," तन्वी म्हणाली. "अडीच तास झाले."

फॉस्टिनला भिकाजी आरपार दिसला. देश तरुणांचा, पण सुरमई भिकाजीची. तो माणूस त्या माशासाठीच उभा राहिला होता! दुसऱ्याचं कौतुक करण्याची वेळ फॉस्टिनवर क्वचित यायची, पण भिकाजी आपल्यासारखाच आहे हे बघून त्याला जरा मायाच वाटली.

मग त्याने आपला हिशेब केला. सही नाही केली आणि भिकाजीने केली, तर दहाला चौदा. मासाही गेला, खुर्चीही गेली, शिट्टीही. सही केली, तर मासा गेला, पण खुर्ची आणि शिट्टी राहिली. तिनातून दोन. आणि सगळ्यात मोठं म्हणजे भिकाजीची शिट्टी ऐकावी लागणार नव्हती.

"म्हाताऱ्या माणसाचो एक मासो तो काय," त्याने शेवटचा प्रयत्न केला. "सँड्रीना, बाये, तूव तोच खाल्लंस मां गो?"

"शेपटी खाल्लंय, पप्पा. मानाची मुंडली कोण खाता?"

आठ तोंडं एकदम त्याच्याकडे बघायला लागली. फॉस्टिनने सही केली. भिकाजी धावत, विचार संपवून पोचला, तेव्हा सँड्रीना कागदाची घडी घालत होती.

"मी हो म्हणणारच होतंय!" भिकाजी ओरडला.

"काकानू, होडी सुटली," सर्वेश म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मांगरात बर्फाच्या रिकाम्या पेटीत चिठ्ठ्या पडल्या. आधी वीस सभासदांच्या, मग एकेक चिठ्ठी दोघांनी दोन कोपऱ्यांना धरून आणलेल्या चार. तो प्रकार बघून म्हातारे इतके हसले की मोजणीला उशीर झाला. कोरी एकही निघाली नाही. फॉस्टिन तेरा, भिकाजी अकरा.

फॉस्टिनला हार घातला. तो हार घालून घेताना बोटांवर मोजत होता. दहा आणि चार चौदा. तेरा का?

जेवतानाही त्याची मोजणी चालूच होती. "डेन्झिल-शिवाचाच असतला," तो म्हणाला. "आईस्क्रीमाक विकले."

"नाय हां. त्यांनी तुकाच दिल्यानी," सँड्रीना म्हणाली.

"रमीझ-सर्वेश?"

"तुकाच."

"मगे भिकूक गेला ता मत कोणाचा?"

सँड्रीनाने शांतपणे भातावर कढी ओतून घेतली. "अर्धा लिओनचा. आणि अर्धा माझा."

मारियानला हसता हसता ठसका लागला.

"पोटची पोर तू माझी!"

"म्हणानच. बाकीचे तीन जोडये तुका देतत ह्या आमका ठावक होता. तू येतलंसच. पण चौदा मता मिळाली असती तर तू दुसऱ्या दिवशी कागद फाडलं असतंस. तेरा मिळाली, एक हातचा गेला, की माणूस जपून ऱ्हवता."

फॉस्टिनला राग यायला हवा होता. पण इतका चोख हिशेब त्याच्या घरात त्याच्याशिवाय कुणी केल्याचं त्याने पहिल्यांदाच पाहिलं होतं, आणि रागाच्या जागी दुसरंच काहीतरी आलं. ते लपवायला त्याने पाणी मागितलं.

सकाळी रापण लागली. ढिगात वरच एक सुरमई चमकत होती. रमीझने चिठ्ठ्यांचा डबा हलवला. फॉस्टिन खुर्चीतून म्हणाला, "माझी चिठी घातलास मां रे?"

रमीझने कागद उघडून वाचला. "जो दोर ओढता तेची, अंकल. सही तुमची आसा."

चिठ्ठी लिओनची निघाली. लिओन मासा छातीशी धरून असा घरी गेला, जणू त्याचं लग्न ठरलं होतं.

पुढच्या दिवशी वाडीने चौदा वर्षांत न पाहिलेली गोष्ट पाहिली. अध्यक्षाने चप्पल काढली, शिट्टी माडाच्या खिळ्याला अडकवली आणि तो भिकाजीच्या मागे दोराला लागला. "ओढ, फॉस्टी, झोपू नको," भिकाजी मागे न बघता म्हणाला. "तू आधी सरळ उभो ऱ्हव," फॉस्टिन म्हणाला. खुर्चीत एक कुत्रं येऊन बसलं.

त्या दिवशीही चिठ्ठी दुसऱ्याचीच निघाली, तन्वीची. मग निवडणूक कुणाला केवढ्याला पडली? भिकाजीला टेम्पोची एक फेरी आणि आठ आईस्क्रीम. रमीझ आणि सर्वेशला दोन वर्षं जपून ठेवलेलं भांडण. पोरांच्या खिशातून बाकी काही गेलं नाही. फॉस्टिनचा मासा गेला, खुर्ची गेली, शिट्टी खिळ्यावर लटकली, आणि वर दोन्ही तळहातांची सालं निघाली. त्यांवर मारियानने खोबरेल लावलं, सँड्रीनाने आपल्या पहिल्या पूर्ण वाट्यातले बांगडे तळले, आणि बापाला घास धरता येत नव्हता म्हणून काटे काढून ताटात वाढले. त्यात मुंडली नव्हती. ती तिने खाल्ली.