नडगीवरचा पाईप

मी एक जुना शिनगार्ड आहे, मित्रांनो. फुटबॉल खेळताना नडगीवर जी ढाल बांधतात, ती मी. ढाल हा शब्द जरा मोठाच झाला. खरं पाहिलं तर मी सांडपाण्याच्या पाईपचा एक तुकडा आहे. माझ्या पाठीवर काळ्या मार्करने ‘डा’ असं लिहिलेलं आहे, म्हणजे मी डाव्या पायाचा. उजव्या पायाचा माझा जोडीदार परदेशातल्या एका बसमध्ये राहिला आणि पुन्हा मिळाला नाही. तो सुटला असं मी मानतो. मला मात्र शेवटपर्यंत सगळं बघावं लागलं.

माझा जन्म लोणावळ्याजवळच्या वलवणचा. राजमहंमद प्लंबर बंगल्यांमधले नळ आणि गिझर बसवायचे. त्यांच्या मुलाची, रमीजची, पुण्याच्या संघात निवड झाली, तेव्हा शिनगार्डशिवाय मैदानात उतरता येणार नाही असं त्याला सांगण्यात आलं. लोणावळ्याच्या दुकानात मिळाला तो जोड त्याच्या लांबलचक नडगीला अपुरा पडला. मग राजमहंमदांनी कामावरून उरलेला पाईप कापला, स्टोव्हवर मऊ केला, पोराच्या पायाला ओलं फडकं गुंडाळलं आणि त्यावरच मला दाबून आकार दिला. फडक्यातून चटका बसत होता. रमीजने ओठ दाबून धरले आणि पाय तसाच ठेवला. राजमहंमद कौतुकाने बायकोला म्हणाले, “बघ, हूं का चूं केलं न्हाई.” जैतुनबींनी गिझरच्या खोक्यातला फोम कापून गोधडीच्या कापडात शिवला आणि माझ्या आत बसवला. त्या कौतुकात काही वावगं आहे असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही.

रमीज डिफेंडर होता. गोल करणाऱ्यांचे फोटो छापून येतात. गोल अडवणाऱ्याच्या वाट्याला लाथा येतात, आणि त्या लाथा माझ्या वाट्याला यायच्या. त्याचे गुरू अंबाजी आबा. रेल्वेत नोकरी आणि रेल्वेच्याच संघात खेळ, असं आयुष्य काढलेला हा माणूस. निवृत्तीनंतर वलवणच्या मैदानावर पोरांना शिकवायचा, तेही पर्यटकांच्या गाड्या तिथे उभ्या नसतील तेव्हा. एका सामन्यात रमीजच्या घोट्याला लागलं आणि तो लंगडू लागला. समोरच्या संघाने ते हेरलं, पुन्हा पुन्हा त्याच बाजूने चढाई केली आणि गोल केला. सामना संपल्यावर आबांनी त्याला खाली बसवलं.

“डिफेंडरनं लंगडायचं न्हाई,” ते म्हणाले. “लंगडला की समोरचा त्याच बाजूनं येतोय. दुखतंय ते आपल्याला म्हाईत. दुसऱ्याला कशाला दावायचं?”

मित्रांनो, ही शिकवण खोटी नव्हती, हेच तर वाईट झालं. खोटी असती तर रमीजने ती कधीच सोडून दिली असती. पण ती लागू पडली. तो चेहऱ्यावर काही दिसू न देता खेळायला शिकला आणि वर वर चढत गेला. पुणे झालं, गोवा झालं, आणि एक दिवस पोलंडमधल्या एका लहानशा क्लबने त्याला बोलावून घेतलं. वलवणच्या चौकात त्याचा फ्लेक्स लागला. त्यावर रमीजपेक्षा पुढाऱ्यांचीच तोंडं मोठी होती. रमीज कोपऱ्यात उभा होता आणि त्याचे पाय छपाईत कापले गेले होते.

पोलंडमध्ये माझं हसं झालं. तिथल्या खेळाडूंचे शिनगार्ड तळहाताएवढे आणि पिसासारखे हलके. कुणी मला हातात घेऊन फुंकर मारून बघितली, कुणी ‘डा’ म्हणजे काय ते विचारलं. रमीज म्हणाला, हा माझ्या अब्बांनी केलाय. त्यानंतर कुणी हसलं नाही. पहिली दोन वर्षं फार चांगली गेली. खाली बसकण मारत घसरून त्याने चेंडू काढला की अख्खं मैदान टाळ्या वाजवायचं. प्रशिक्षक इतरांना सांगायचे, याच्याकडे बघा, याला कधी काही होत नाही. ते ऐकताना मलाही अभिमान वाटायचा, कशाला खोटं बोलू?

तिसऱ्या हिवाळ्यात ते सुरू झालं. थंडीत तिथे नकली गवतावर सराव असे, आणि ती जमीन फरशीसारखी टणक. रमीजची डावी नडगी आतून दुखू लागली. बाहेरून मार बसला असता तर तो मी घेतला असता. ते माझं कामच. पण ही चीर हाडात आतून पडत होती. मी त्या हाडाला चिकटूनच होतो. तो धावताना आधी उजव्या पायावर जास्त भार टाकू लागला, मग रात्रीचा पाय उशीवर ठेवू लागला. एवढं सगळं मला कळत होतं, आणि पाईपला तोंड नसतं.

संघाच्या फिजिओने एकदा नडगीवर अंगठा दाबून विचारलं, इथे दुखतं का? रमीजच्या घामाने माझं कापड भिजलं होतं, तरी तो हसून नाही म्हणाला. एक्स-रे काढून बघूया का, असंही त्या भल्या माणसाने विचारलं. गरज नाही म्हणाला. पुढच्या हंगामाचा करार महिन्याभरात व्हायचा होता, आणि करार झाला नाही तर गाशा गुंडाळून घरी जावं लागणार होतं. दर शुक्रवारी वलवणहून फोन यायचा. राजमहंमद विचारायचे, “पाय कसं हायेत?” हा म्हणायचा, “ठणठणीत, अब्बा.” समोर बाप असो की डॉक्टर, त्याला सगळेच आता समोरच्या संघातले वाटू लागले होते.

आणि मग तो सामना आला. चेंडू त्याच्या बाजूने आला, तो डाव्या पायावर वळला आणि खाली कोसळला. त्याच्या आसपास एकही खेळाडू नव्हता. मोजा कात्रीने कापून मला बाहेर काढलं, तेव्हा माझ्यावर नवा ओरखडासुद्धा नव्हता. आतलं हाड मोडलं आणि मी शाबूत राहिलो. अशी लाज शत्रूलाही न येवो.

हाडात सळई घातली. क्लबने फुलं पाठवली आणि फुलांच्या मागोमाग निरोपही पाठवला: दुखणं लपवलं, सबब नवा करार नाही. ज्या गुणाचं कौतुक केलं, त्याच गुणासाठी घरी पाठवलं. मी बॅगेच्या तळाशी बुटांखाली पडून वलवणला परत आलो. चौकातला फ्लेक्स केव्हाच उतरला होता. राजमहंमदांनी तो पाईपांच्या ढिगावर झाकायला घेतला होता.

घरी आल्यावर बापाने पोराच्या नडगीवरून हात फिरवला. ज्या हाताने मला वाकवलं, तोच हा हात.

“एवढं दुखत व्हतं, तर बोलायचं न्हाई व्हय रं?”

“शिकवलंच नाही कुणी, अब्बा,” रमीज म्हणाला.

राजमहंमदांना स्टोव्ह आणि ते ओलं फडकं आठवलं असावं.

डॉक्टरांनी बजावलं होतं: हाड जुळेपर्यंत काठीशिवाय एक पाऊल टाकायचं नाही, पुन्हा मोडलं तर हा पाय कायमचा जाईल. तशात वलवणच्या मैदानावर मुलांच्या स्पर्धा भरल्या आणि रमीजचा सत्कार ठरला. आदल्या दिवशी अंबाजी आबा घरी आले. चार पावलं तर चालायची आहेत, तेवढी काठी घरी ठेव, म्हणाले, पोरं बघत्यात. जुन्या सवयीने रमीज हो म्हणून गेला.

सत्काराला मला टेबलावर लाल कापडावर मांडलं होतं, शाल आणि नारळाच्या शेजारी. समोर गावातली खेळणारी मुलं-मुली रांगेत बसली होती. आबा माईकवर सांगत होते की आमच्या रमीजनं कधी लंगडून दाखवलं न्हाई, तुमीबी असंच व्हा. मुलं जिवाचे कान करून ऐकत होती. मग त्याचं नाव पुकारलं. रमीज खुर्चीतून उठला आणि छाती काढून सरळ चालू लागला. तिसऱ्या पावलाला त्याचे ओठ आत दाबले गेले. हे ओठ मी माझ्या जन्माच्या दिवशी पाहिले होते.

तो थांबला. त्याने समोरच्या रांगेकडे पाहिलं, मग मागे वळला.

“अब्बा, काठी आणलीत का?”

राजमहंमदांनी ती आणून खुर्चीमागे लपवून ठेवली होती. ती घेऊन ते धावतच गेले. रमीजने काठी घेतली आणि सगळ्या गावासमोर लंगडत टेबलाकडे येऊ लागला. आबा माईक बाजूला धरून दबक्या आवाजात म्हणाले, “सरळ चाल रमीज, पोरं बघत्यात.”

“बघू द्या, आबा,” तो म्हणाला. “दुखतंय.”

माईक चालूच होता. टाळ्या वाजल्या नाहीत. शाल तशीच घडी घातलेली राहिली.

मित्रांनो, मी आता राजमहंमदांच्या हत्यारांच्या पेटीत असतो. माझी निगा राखा असं मी म्हणणार नाही. पाईप काय, पुष्कळ मिळतात. माझं मागणं एवढंच आहे. बाहेरचा मार अडवायला माझ्यासारखे खूप आहेत. आत दुखेल तेव्हा मात्र लंगडा, चारचौघांत लंगडा, आणि कुणी विचारलं तर हो म्हणा.