चिखलाच्या बश्या

पीएचडी कशासाठी करायची, हे बाईला सोडून सगळ्या जगाला ठाऊक होतं. नवरा म्हणायचा, पगार वाढेल. शाळेतल्या मास्तरणी म्हणायच्या, दारावरच्या पाटीसाठी. सासूबाई म्हणायच्या, "घरात करमत नाही तिला, दुसरं काय!" धाकटी नणंद स्वतः पीएचडी झालेली. तिला तर कारण विचारायचीही गरज वाटत नव्हती, कारण उत्तर तिनेच तयार करून ठेवलं होतं.

बाई शाळेत विज्ञान शिकवायची. चाळिशी ओलांडलेली. गेले कित्येक महिने तिने घरातल्या खिडकीत बश्या मांडल्या होत्या. प्रत्येकीत चिकणमातीचा पातळ रबडा. तो वाळायचा, तडकायचा, ती पुन्हा पाणी शिंपडायची, पुन्हा वाळू द्यायची. पहिल्या खेपेला भेगा एकमेकींना काटकोनात जाऊन धडकत. भिजवून वाळवत राहिलं की हळूहळू वळत, आणि शेवटी मधमाशांच्या पोळ्यासारखी सहा कोपऱ्यांची नक्षी उमटे. माती जुनी भेग लक्षात ठेवते की काय, या प्रश्नाने बाईला झपाटलं होतं. याच विषयावर तिने विद्यापीठात अर्ज केला होता, आणि मुलाखतीला बश्या घेऊन जाणार होती.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी नणंद तयारी करून घ्यायला आली. लेक येणार म्हणून सासूबाईंनी चहाचा चांगला सेट काढला. कप होते, बश्या नव्हत्या. बश्या खिडकीत, चिखलाने माखलेल्या. मग सासूबाईंनी कोणतीही शहाणी बाई करेल तेच केलं. बश्या घासल्या.

बाई शाळेतून आली तेव्हा नणंद त्यातल्याच एका बशीतून चहा पीत होती.

नवरा पेपरामागे लपला. सासूबाई म्हणाल्या, "आता मला काय स्वप्न पडलं होतं, ती माती शिकलेली आहे म्हणून?"

"वहिनी, रडू नकोस," नणंद म्हणाली. "बश्या कोण बघतंय तिथे! कशासाठी करायचंय विचारलं, की सांग, समाजाच्या उपयोगी पडायचंय. सगळे तेच सांगतात."

"तूही तेच सांगितलंस?"

"मग काय! मला तर नोकरी हवी होती. ते सांगायचं असतं का?"

बाईने पदर खोचला, नणंदेच्या हातातली बशी रिकामी करून घेतली, आणि मोरीजवळच्या डब्यातली माती कालवायला बसली.

दुसऱ्या दिवशी ती रिकाम्या हाताने मुलाखतीला गेली. टेबलापलीकडे दोघं. एक टायवाले गृहस्थ, आणि पिकल्या केसांच्या मॅडम, ज्यांच्या हाताखाली काम करायला मिळावं म्हणून बाईचा जीव टांगणीला लागला होता. जागा एकच होती.

"या वयात कशासाठी?" टायवाल्यांनी विचारलं. पंचविशीच्या पोराला हा प्रश्न कुणी विचारत नाही. त्याला नुसतं बसा म्हणतात.

"समाजाच्या उपयोगी पडावं म्हणून," बाई पोपटासारखी बोलली.

मॅडमनी चष्मा काढला. "हे वाक्य आज या भिंतींनाही पाठ झालंय. दुसरं काही आहे का?"

बाई म्हणाली, "काल सासूबाईंनी माझ्या सगळ्या बश्या घासून टाकल्या."

टायवाल्यांना हसू आवरेना. मॅडम हसल्या नाहीत. "मग?"

"मग मला रडू यायला हवं होतं. आलंच नाही. माती कालवताना लक्षात आलं, मी चक्क खूश आहे. पहिली भेग पुन्हा पहिल्यापासून बघायला मिळणार होती. बस, एवढंच कारण आहे. बाकीची लोकांना सांगायला."

"पण याचा फायदा काय?" टायवाले अडून बसले.

"रस्ते तडकतात, रंगाचे पोपडे निघतात, तिथे होईल फायदा. पण ते मी नंतर शोधलं. खोली भाड्याने देताना वाऱ्याचं कौतुक करतात ना, तसं."

"आणि पुन्हा कुणी बश्या घासल्या तर?" मॅडमनी विचारलं.

"पुन्हा करीन. पण दरवेळी पहिल्या भेगेपाशीच राहिले तर पुढचं बघणार कधी? मला कुलूप लागणारं कपाट हवंय, मॅडम. खरं तर त्यासाठीच आलेय."

आता मात्र मॅडम खो खो हसल्या. "कपाट आहे. बिजागरी कुरकुरते. सोमवारी या. आणि सासूबाईंना इथला पत्ता देऊ नका."

बाई घरी पोचली तेव्हा सासूबाई दारातच उभ्या.

"झालं का तुझं?"

"झालं. घेतलं मला."

"म्हणजे आता डॉक्टरीणबाई म्हणायचं?"

"त्याला अजून चार-पाच वर्षं आहेत, आई."

"तोवर चहा कशात प्यायचा आम्ही?"

"पेल्यात," बाई म्हणाली आणि स्टूल ओढून खिडकीशी बसली. बशीच्या कडेची माती फिकी पडू लागली होती, मधली अजून ओली होती. नवऱ्याने आतून हाक मारली, "अगं, चहा ठेवतेस ना?"

"ज्याला हवाय त्याने ठेवावा," ती नजर न हलवता म्हणाली. "माझ्यासाठी पण टाका."