जोखमीचा मालक

मुलुंड पूर्वेच्या आमच्या नवतरंग सोसायटीत चार मजले आहेत, सोळा घरं आहेत आणि लिफ्ट नाही. लिफ्ट बसवायचा ठराव अकरा वर्षांपूर्वी तत्त्वतः मंजूर झाला. तत्त्वतः मंजूर झालेल्या गोष्टीला आमच्याकडे कोणी हात लावत नाही.

यंदा मे महिन्यात सेक्रेटरी सुबोध तांबे यांची मुलगी जान्हवी इंग्लंडहून आली. तिथल्या विद्यापीठात ती ‘आंतरराष्ट्रीय बांधकाम व्यवसाय आणि व्यवस्थापन’ शिकते. सिंगापूरचे बोगदे आणि दुबईचे करार शिकून झाल्यावर शेवटच्या प्रबंधाला तिला एक खरंखुरं बांधकाम हवं होतं. तिने आमची लिफ्ट निवडली. कामातल्या जोखमींची यादी करायची आणि सगळ्या घरांची तिच्यावर सही घ्यायची, अशी अट होती. सह्या शुक्रवारपर्यंत पोचल्या नाहीत तर प्रबंध नापास आणि पदवी लटकली.

“बाळ, त्यापेक्षा बोगदा सोपा होता,” मी तिला जिन्यातच सांगितलं.

आमचे सभासद लग्नाला येतील, रक्त देतील, गच्चीवर पाणी चढवायला मदत करतील. सही करणार नाहीत. कुरियरवाला आला तरी ‘दारात ठेव आणि जा’ म्हणतात.

रविवारी खाली पार्किंगमध्ये सभा भरली. जान्हवीने भिंतीवर पडदा लावून एक्केचाळीस जोखमी दाखवल्या. किरकोळ त्या हिरव्या, मधल्या पिवळ्या, गंभीर त्या लाल. कंत्राटदार पळून जाणं पिवळं होतं. पोलाद महागणं पिवळं होतं. लाल एकच होती: ‘तळमजला, सुंदराबाई जाधव, विरोध.’

सुंदराबाई पालिकेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या आहेत. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं.

“जान्हवी, मी भूकंपाच्या वर आहे का गं?”

“मावशी, ते फक्त शास्त्रीय आहे. शक्यता गुणिले परिणाम.”

“भूकंप कितवा?”

“एकोणिसावा.”

“बरं. मग सही भूकंपाची घे.”

लिफ्टचा खांब नेमका त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर येत होता. अकरा वर्षं त्या हेच सांगत होत्या आणि अकरा वर्षं सभेच्या वृत्तांतात ‘सूचनेची नोंद घेण्यात आली’ असं लिहिलं जात होतं.

माणसं खुर्च्या सरकवून उठायला लागली. जान्हवीचा चेहरा पडला. तेव्हा चौथ्या मजल्यावरचे श्यामसुंदर परब पुढे आले. हे मूळचे मालवणकडचे, जुने गिरणी कामगार. गुडघे गेल्यापासून दिवसातून एकदाच उतरतात.

“चेडवा, तुझा सगळा बरोबर हा,” ते म्हणाले. “पण काम सुरू करूचा तर आधी गाऱ्हाणा घालूक व्हया. नारळ हाडलंस?”

नारळ सुबोधच्या घरून आला. कोकणात कुठल्याही कामाआधी वडीलधारा माणूस देवापुढे साऱ्यांच्या वतीने बोलतो, प्रत्येक संकटाचं नाव घेतो आणि बाकीचे हुंकार देतात. आमच्या अर्ध्या सोसायटीला हे अंगवळणी आहे. उठलेली माणसं हात जोडून उभी राहिली. जान्हवीने घाईघाईने मोबाईल सुरू केला.

“बा देवा म्हाराजा,” परब पडद्याकडे बघत बघत सुरू झाले, “जो कोण कंत्राटदार खड्डो खणून गायब होयत, तेका धरून ह्याच खड्ड्याकडे परत हाड.”

“व्हय म्हाराजा.”

“पोलादाचो भाव वाडलो, तर ता संकट आमच्यावरसून पलीकडच्या सोसायटीत धाड.”

“व्हय म्हाराजा.”

“हे जोखीम हस्तांतरण झालं,” जान्हवी माझ्या कानात म्हणाली. “आम्हाला याच्यावर अख्खं सत्र होतं.”

शेवटाला ठेवलेल्या लाल जोखमीपाशी परब थांबले. “आणि ह्या सुंदराबायच्या खिडकीतला ऊन जो कोण अडवीत, तेका सुबुद्धी दी आणि खांब तीन फूट बाजूक सरकव.”

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले आणि मग एकमेकांकडे बघायला लागले. पण बोलून झालं होतं.

“माझा तुमच्या देवाशी संबंध नाही,” सुंदराबाई म्हणाल्या. “मी बुद्धाला मानते. पण खिडकीचं बोललात म्हणून ‘होय’ म्हणते. ‘महाराजा’ म्हणणार नाही.”

जान्हवीने ती चित्रफीत इंग्रजी मजकूर घालून मार्गदर्शक बाईंना पाठवली. बुधवारी उत्तर आलं. बाई खूश होत्या. इतक्या उत्साहाने जोखमी मान्य करणारे रहिवासी त्यांनी पाहिले नव्हते. हे सामूहिक मान्यतेचं रेकॉर्ड त्या सह्यांऐवजी धरायला तयार होत्या. एकच त्रुटी होती. प्रत्येक जोखमीला एक मालक लागतो, बिघडलं तर जबाबदार माणूस. इथे एक्केचाळीसच्या एक्केचाळीस जोखमी ‘म्हाराजा’ नावाच्या एकाच गृहस्थांवर सोपवल्या होत्या. त्यांची तरी सही शुक्रवारपर्यंत हवी.

जान्हवी कागद घेऊन परबांकडे गेली.

“तेची सही नाय गावाची,” परब म्हणाले. “देवाक कौल लावून बघतंय. पण तो तुझ्या बायेंक चलात?”

गुरुवारी सकाळी जान्हवी जिन्यात तळमजल्याच्या पायरीवर बसली होती. मी शेजारी बसलो, कारण मला पुढे चढवत नव्हतं. सुंदराबाईंनी दार उघडलं, कागद मागितला आणि उभ्या उभ्या वाचला.

“देवाच्या सहीसाठी तुझं वर्ष घालवायचं का? पेन दे.”

“मावशी, एक्केचाळीस आहेत. सगळ्यांची जबाबदारी...”

“चाळीस वर्षं साठ-साठ पोरांचे वर्ग सांभाळलेत मी. कंत्राटदार एकटाच असेल ना?”

त्यांनी ‘मालक’ या रकान्यात एक्केचाळीस वेळा सही केली. नाव पूर्ण, रेघ सरळ.

ही बातमी दहा मिनिटांत चौथ्या मजल्यापर्यंत पोचली. पहिल्या मजल्यावरचे सौरभ राणे बनियनवर खाली आले.

“तळमजला मालक कसा काय? लिफ्ट आम्ही वापरणार.”

“मग सही करा,” सुंदराबाई म्हणाल्या. “सहमालक म्हणून. माझ्या खाली.”

“खाली का? बाजूला करतो.”

बाराच्या आत पंधरा घरं झाली. दोघांनी सही केल्यावर वर जाऊन बायकोला पाठवलं. परब सगळ्यात शेवटी उतरले आणि नाव, गाव, तालुका, जिल्हा लिहून मोकळे झाले. जान्हवीने कागद पाठवला तेव्हा मार्गदर्शक बाईंनी एवढंच विचारलं की एका लिफ्टला अठरा मालक कशाला.

ऑक्टोबरात निकाल लागला. जान्हवी पास झाली. लिफ्टचं काम अजून सुरू व्हायचंय, पण ते बिघडलं तर कोणाला धरायचं याची आमच्याकडे पक्की व्यवस्था आहे.