लहान राहणारा मासा

पायलने जाळी हळूच वर घेतली. केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला तो छोटा मासा जाळीत आडवा पडला होता. शेपूट कुरतडलेलं, कल्ले थांबलेले.

वाडीच्या रस्त्यावरचं हे माशांचं दुकान तिच्या बाबांचं, प्रीतमचं. ते हात पुसत जवळ आले.

"याले वेगळं कोण चारत होतं?"

"मी. बाकीचे दोघं त्याले खाऊच देत नव्हते ना."

बाबा रागावले नाहीत, त्याचंच तिला जास्त लागलं. त्यांनी शांतपणे समजावलं. या जातीत सगळ्यांत मोठी ती मादी, तिच्या खालोखालचा नर. मादी मेली की तोच नर मादी होतो आणि तिसऱ्याचा नर. तोवर तिसरा बेताचंच खातो, अंग वाढू देत नाही, म्हणजे वरच्यांना तो डोईजड वाटत नाही. वाढला तर ते त्याला हाकलतात, आणि काचेच्या टाकीत पळून जाणार कुठे?

"तो भित्रा नव्हता बेटा. थांबून होता."

पायलला एकदम सोनिका आठवली. मामाकडे राहून नववी करणारी, वर्गात हळू बोलणारी तिची मैत्रीण. वक्तृत्वाचं बक्षीस मिळाल्यापासून पायलला सगळ्या जगालाच बोलतं करायचं होतं. मधल्या सुट्टीत ती सोनिकाला रोज पढवायची, मामीले ठणकावून सांग, परीक्षेपर्यंत मी भांडी घासणार नाही म्हणून. रविवारी सोनिकाने मामीला तसं सांगितलं. सोमवारी मामीने पारशिवनीला सोनिकाच्या घरी फोन लावला, तुमची पोरगी घेऊन जा.

आज दुपारी ती जाणार होती. पायल तशीच ओल्या हातांनी बसथांब्यावर धावली.

सोनिकाचे वडील बसची चौकशी करत होते. सोनिका पिशवीपाशी उभी होती. पायलकडे वाक्यं तयार होती, बाबाले म्हण मले होस्टेलात ठेवा, रडू नको, नजर खाली करू नको. सोनिकाने रोजच्यासारखी मान पुढे केली, ऐकायला.

पायलने ती वाक्यं बाजूला ठेवली.

"तुले काय पाहिजे होतं वं?"

"भांडी घासताना मी मनात धडे म्हणत होती," सोनिका म्हणाली. "तेवढाच वेळ मले कोणी हाक नव्हतं मारत."

बस आली. वडिलांनी हात केला. पायलने पिशवीचा एक बंद धरला आणि दारापर्यंत एक शब्द न बोलता चालत गेली.