बूस्टर का मास्टर

महांतेशचं शाहूपुरीत फरशीचं दुकान होतं आणि त्याचे सासरे भीमाप्पा एस.टी.तून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. त्यामुळं गाडीतलं आपल्याला जास्त कळतं, अशी दोघांचीही खात्री. गाडी मात्र शिवांजली चालवायची. सेकंडहँड पेट्रोल गाडी महांतेशनं हौसेनं घेतली, पहिल्याच आठवड्यात स्वतःच्या दुकानाच्या शटरवर घातली, आणि किल्ली मुकाट्यानं बायकोकडं दिली.

२००२ सालातल्या एका रविवारी ती वडलांना गडहिंग्लजहून कोल्हापूरला आणत होती. भीमाप्पा पुढं, कारण ड्रायव्हर माणूस मागं बसत नसतो. महांतेश मागं, मांडीवर शेंगांचं पोतं घेऊन. तवंदीच्या घाटात ब्रेकचं पेडल दगडासारखं घट्ट झालं. शिवांजली त्याच्यावर अक्षरशः उभी राहिली, गाडी गिअरवर रेटत उतरवली. दोघं तेव्हा पेट्रोल चांगलं का डिझेल, यावर भांडत होते.

दसरा चौकात सिग्नल लागला. गाडी थांबली, पण पायाखालचं पेडल हळूहळू खाली बसू लागलं. गाडी लाजत लाजत पुढं सरकली आणि पुढच्या जीपला टेकली. जीप सयाजीभाऊ नावाच्या नगरसेवकाची. आतून जीपभर माणसं उतरली.

"काय ओ वहिनी, ब्रेक हाय का नुसतंच पायदान?" सयाजीभाऊ ओरडले.

शिवांजली माफी मागणार, तेवढ्यात भीमाप्पा खाली उतरले. "मास्टर सिलिंडर गेलाय, ब्रेकचं तेल ढकलणारा. बसा, दाबून बघा की!"

"बूस्टर गेलाय, पायाचा जोर वाढवणारा डबा," मागून महांतेश म्हणाला.

कोल्हापुरात माणसाला मत विचारलं की त्याचं भांडण तिथंच संपतं. सयाजीभाऊ स्टेअरिंगवर बसले. सिग्नल हिरवा झाला, तांबडा झाला, मागं हॉर्नचा कल्लोळ उठला.

"इंजिन बंद करून चार-पाचदा दाबा," भीमाप्पा म्हणाले. "आता पाय तसाच ठिवून स्टार्टर मारा. बूस्टर चांगला असंल तर पेडल जरा खाली जातंय."

पेडल हललं नाही.

"बघा!" महांतेश कुस्ती मारल्यासारखा ओरडला. "बूस्टर!"

"पाय काढू नका. दाबूनच धरा," भीमाप्पांनी बजावलं.

पेडल सावकाश तळाला गेलं. "हे काय बूस्टरचं काम न्हाई," भीमाप्पा म्हणाले. "मास्टरमधलं वॉशर गेलंय. तेल आतल्या आत मागं पळतंय."

ट्रॅफिक हवालदार शिट्टी फुंकत आला. त्यानंही एकदा दाबून बघितलं.

"मामा, येस्टीला हवेचा ब्रेक असतोय," महांतेश सासऱ्याला सगळ्यांदेखत बोलून गेला. "तुमाला ह्यातलं काय कळणार?"

भीमाप्पांचा चेहरा उतरला. "तुमच्या गाडीत मी बसत न्हाई, जावईबापू," म्हणाले आणि सयाजीभाऊंच्या जीपमध्ये जाऊन बसले. जीपमधल्या माणसांनी गाडी ढकलत शाहूपुरीत बाबालालच्या गॅरेजला नेली, जीप मागोमाग. हँडब्रेक लागत होता, एवढीच देवाची कृपा.

बाबालालनं बॉनेट उघडलं, तसे दोघंही एकदम बोलू लागले. शिवांजलीनं आवाज चढवला.

"गप बसा दोघं! बाबालालभाई, ब्रेक ऑईल सारखं कमी हुतंय. मी वततोय, पर गाडीखाली एक थेंब सांडत न्हाई. आणि सायलेन्सरातनं पांढरा धूर येतोय. म्हयनाभर सांगतोय मी ह्यास्नी."

बाबालालनं नट काढले आणि मास्टर सिलिंडर बूस्टरपासून ओढला. बूस्टरमधून तेलाची धार लागली.

"मास्टरचं मागचं वॉशर फाटलं, तेल बूस्टरात उतरलं. तेलानं बूस्टरचं रबर खाल्लं, उरलेलं तेल इंजिन पीत बसलं, त्योच धूर. दोन्ही गेलंय."

"मी काय म्हणत हुतो?" सासरा-जावई एका सुरात म्हणाले.

"आसल्या ब्रेकवर कुठनं आलासा?" बाबालालनं विचारलं.

"गडहिंग्लजवरनं," शिवांजली म्हणाली.

"म्हंजे घाट उतरून?"

सासरा-जावयांनी एकदम शिवांजलीकडं बघितलं. ती एका जुन्या टायरवर बसली. भीमाप्पा तिच्या शेजारच्या टायरवर बसले.

"मला वाटलं, घाटाला भ्यालीस, म्हणून गाडी हळू."

"भ्यालोच हुतो की, आप्पा. तुमी दोघं डिझेलात गुतलेलासा."

महांतेश खाली बघत जवळ आला. "मामा, मघाशी चौकात बोललो त्ये..."

"ऱ्हाऊ दे. येस्टीला हवेचाच असतोय."

सोमवारी दोन्ही नवीन पार्ट बसले. चाचणीला शिवांजलीनं गाडी गल्लीत काढली. दोघांना तिनं मागं बसवलं. ड्रायव्हर माणूस कुरकुरला, पण बसला. जरा वेग येताच तिनं न सांगता ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी थांबली, आणि मागची दोन्ही नाकं पुढच्या सीटवर आपटली.

"लागतोय काय?" बाबालालनं गॅरेजमधून विचारलं.

"लय भारी लागतोय!" शिवांजली म्हणाली आणि आरसा सरळ करून तिनं पहिला गिअर टाकला.