विम्याचे साहेब येऊन गेले

आमच्या जालन्याच्या दवाखान्यावर 'येथे मेडिक्लेम चालतो' अशी पाटी होती. माझ्या मुलाने ती मोठ्या हौसेने लावली होती, आणि एका सकाळी माझ्या सुनेने स्वतः स्टुलावर चढून ती काढली. विमा का बंद केला, असं लोक अजून विचारतात. डॉक्टरीणबाईंना माज आला, असंही काहीजण म्हणतात. म्हणणाऱ्याचं तोंड कोण धरणार? पण काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून सांगते.

माझी सून रजनी फिजिओथेरपिस्ट आहे. मी शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण. घरी बसून सुनेच्या फोडणीत खोट काढण्यापेक्षा बरं, म्हणून मी दवाखान्यात टेबलाशी बसत असे. गोष्ट दोन हजार तीन-चार सालची. बियाण्यांच्या कंपन्यांनी तेव्हा नोकरांच्या आईवडिलांचाही विमा उतरवायला सुरुवात केली होती. त्याच विम्यावर वडीगोद्रीच्या तुळजाबाई आमच्याकडे आल्या. मुलगा बद्रीनाथ जालन्यात अशाच एका कंपनीत होता. बाई गोठ्यात घसरून पडल्या होत्या आणि गुडघ्याची वाटी फुटली होती. ऑपरेशनमध्ये ती तारेने बांधली होती.

पाय बरा होईल का, असं त्यांनी कधीच विचारलं नाही. "म्हशीखाली बसता येईल का, तेवढं सांगा," एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांची म्हैस दुसऱ्या कुणाला धार काढू देत नव्हती. "जाऊबाई गेली का लाथा झाडती. आटून राह्यली बिचारी," असं सांगताना त्यांचे डोळे भरून यायचे. धार काढायची तर उकिडवं बसायला हवं, आणि गुडघा तर जेमतेम काटकोनात वाकत होता. रजनी म्हणायची, "बसाल मावशी, पण घाई करायची नाही. तार नाजूक आहे."

विमावाल्यांची तऱ्हा निराळीच. ते थोड्या थोड्या दिवसांची मंजुरी द्यायचे. गुडघा वाकू लागला असं कळवलं की म्हणायचे, मग आता उपचारांची गरज काय? वाकत नाही असं कळवलं की म्हणायचे, मग उपचारांचा उपयोग काय? धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. माझं डोकं फिरायचं, पण रजनी शांतपणे पुन्हा कळवायची. शेवटी त्यांनी निरोप दिला की आमचे डॉक्टर स्वतः येऊन पेशंटला बघतील. मला बरंच वाटलं. एकदा डोळ्यांनी बघतील तर पटेल.

त्या दिवशी तुळजाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. मी थट्टा केली, "काय तुळजाबाई, लग्नाला निघालात का?" त्या हसल्या नाहीत. साहेब कुठून येणार, एवढंच दोनदा विचारलं.

साहेब म्हणजे औरंगाबादचा तरुण डॉक्टर. मुलगा नम्र होता, पण घाईत. "काय आजी, कसा आहे पाय?"

"बिलकुल बरा हाय, साहेब. बाईच्या हाताला लई गुण."

रजनी चमकली. "मावशी, दुखतं ते सांगा ना त्यांना."

"दुखायला काय झालं? हे बघा." आणि पलंगाची कड धरून तुळजाबाई खाली उतरल्या आणि बसू लागल्या. रजनी "थांबा, थांबा!" म्हणत धावली. तोवर त्या पूर्ण उकिडव्या बसल्या होत्या. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज मी टेबलापाशी ऐकला.

तुळजाबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू मात्र हललं नाही. रजनीने गुडघ्याला हात लावला तर त्यांनी तो झटकला. "साहेब, वाटीला काहीतरी झालंय," रजनी म्हणाली.

"काई झालं न्हाई. बाई उगं घाबरून राह्यल्या. हाडं वाजत्यात म्हाताऱ्याची."

"वा, आजी! छान!" असं म्हणून डॉक्टरने हात जोडले आणि तो गेला. रजनी त्याच्यामागे धावणार, तर तुळजाबाईंनी तिचा पदर घट्ट धरून ठेवला. बाहेर जीप सुरू झाली, वळली, आवाज विरला.

"गेला का साहेब?" त्यांनी विचारलं. "मंग आता उचला मला."

एक्स-रेत तार तुटलेली, वाटीचे दोन तुकडे. रजनीने विमावाल्यांना फोन लावला. पलीकडचा आवाज म्हणाला, "मॅडम, पेशंट पूर्ण बसल्याचं आमच्या डॉक्टरांनी स्वतः पाहिलंय. आमच्या दृष्टीने उपचार संपले. ही नवीन इजा." रजनीने फोन ठेवला. इतकी पांढरीफटक मी तिला कधी पाहिली नव्हती.

दुसरं ऑपरेशन झालं. हाडाचे डॉक्टर म्हणाले, आता हा पाय सरळच राहील. त्याच्या दुसऱ्या दिवशी रजनीने पाटी काढली. बद्रीनाथ कळवळला, "मॅडम, बाकीच्या लोकांनी काय करावं?" ती म्हणाली, "माझा पेशंट मला सोडून दुसऱ्या कुणाकडे बघत उभा राहणार असेल, तर मी त्याचा पाय बरा करू शकत नाही." मग बद्रीनाथच्याच घरी आम्ही दोघी तुळजाबाईंना भेटायला गेलो.

त्या पाय लांब करून भिंतीला टेकून बसल्या होत्या. रजनीने त्यांचा हात हातात घेतला. "का बसलात हो, मावशी?"

"तुझी तपासणी व्हती ना! बद्री म्हणला, साहेब तपासायला येणार हाय, बराबर बोल. शाळेत साहेब आल्यावर पोरं चुकली का मास्तरालाच बोलणी बसत्यात. म्हणलं, माझ्यापायी पोरीचा दवाखाना बंद पडायला नगं." त्या जरा पुढे झुकल्या. "पास केलं का तुला?"

रजनी म्हणाली, "मावशी, ते मला तपासायला आले नव्हते. तुम्हालाच बघायला आले होते. तुम्हाला दुखतंय का, अजून उपचार हवेत का, एवढंच."

तुळजाबाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"मला?" त्या म्हणाल्या. "मंग तसं कुणी सांगितलं का न्हाई गं? मला तर लई दुखून राह्यलं व्हतं."