ताजं माप

चकती अजून कोमट होती — शर्टाच्या बटणाएवढी, दोन्ही अंगांना चांदीचा लेप भाजलेली — आणि तिने ती नखाने टिचकवून कानाशी धरली. खणखणीत. म्हणजे तडा नाही. भट्टीतून काढली काय, रुमालात गुंडाळली काय, आणि स्वारी धावत तिच्या तपासणीच्या खोलीत हजर! नवरा दारातच उभा होता, निकालाच्या दिवशी मुलं उभी राहतात तसा.

"अहो, आजची रात्र तरी निवू द्या की तिला. उतावळा नवरा..."

"गुडघ्याला बाशिंग. ठाऊक आहे. तू लाव गं मीटर."

नियम त्यालाही पाठ होता. चकतीची ही भाजलेली माती ताजी असताना बढाया मारते. आपण किती वीज साठवू याचा आकडा फुगवून सांगते आणि रात्रीतून ओसरते. म्हणून खरं माप दुसऱ्या दिवशीचं... आणि त्याचं हे मिश्रण शेवटचं. कारखान्याच्या साहेबांनी साफ सांगितलं होतं, याही वेळी जमलं नाही तर प्रयोग बंद, पुन्हा जुनीच पूड. कधीपासून हा माणूस जेवता जेवता ताटाच्या कडेवर बोटाने प्रमाणं मांडतोय, झोपेतही पुडीचे हिशेब पुटपुटतोय — आणि नापासाचा शिक्का मारायचा तो मी. दरवेळी मीच. मग घरी जाताना हाच मला हसवत नेतो, जणू नापास मी झालेय. वेडा कुठला.

तिने चकती मीटरच्या चिमट्यात धरली. काटा चढत गेला, पास-नापासाच्या खुणेपाशी आला... खूण ओलांडून जरासा पुढे थांबला. अगदी जरासा. एवढं अंतर रात्रभर टिकेल?

"हे काही खरं माप नव्हे हं," ती घाईने म्हणाली. "उद्या उतरेल. साहेबांना सांगायला धावू नका."

"कोण धावतंय? उतरेल, मला कळत नाही का?" तो मीटरकडे बघतच नव्हता. "दरवेळी तुला काटा खुणेच्या अलीकडे अडलेलाच बघावा लागतो. म्हटलं, एकदा पलीकडे गेलेला बघू दे हिला."

आणि गेलासुद्धा, भट्टीकडे, शीळ घालत.

ती काट्याकडे बघत राहिली. आपणच त्याला जपतोय, असं इतके दिवस ती धरून चालली होती... तिला भरून आलं. उद्या काटा अलीकडे आला तर शिक्का मारायचाच, त्यात हयगय नव्हती. पण आजवर ती आशा करायची ती त्याच्यासाठी. आता हे मिश्रण तिला स्वतःला हवं होतं, हट्टाने, लहान मुलीसारखं — आणि माप घेणाऱ्याने असं काही हवं म्हणू नये, हे तिला पक्कं ठाऊक होतं.